बारा शब्दांची हुंडी

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आजोबांचे एक जुने बाड मांडण्याची चाल आहे. लाल खारव्यात बांधलेले हे बाड वर्षभर कपाटात असते आणि त्या एका संध्याकाळी बाहेर येते. आमचे आजोबा नदीपलीकडे कामठीला एका मारवाडी पेढीवर गुमास्ते होते. बाडात त्या पेढीच्या वहीची चार-दोन पाने आहेत, भोसल्यांच्या अमदानीतला एक नागपुरी रुपया आहे आणि एक वटलेली हुंडी आहे. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला पेढीवर ‘खोखा’ म्हणत. गेली चार वर्षे या बाडाशेजारी आम्ही आणखी एक वस्तू ठेवतो. ती म्हणजे माझ्या पुतण्याची खिशात मावणारी डायरी. आजोबांच्या हुंडीचे पैसे ज्याचे त्याला केव्हाच पोचले. डायरीतले पैसे अजून पोचायचे आहेत, आणि ते कधी पोचतील असे मला वाटत नाही.

यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. पण मी जन्मभर इतिहास शिकवला. तेव्हा वाचकांनी मला सवयीप्रमाणे थोडे मागून येऊ द्यावे.

कन्हान नदी छिंदवाड्याकडून सातपुडा उतरून येते. पेंच आणि कोलार या दोन नद्या तिला कामठीजवळ मिळतात. या संगमापाशी इंग्रजांनी १८२१ साली लष्करी छावणी वसवली, तीच कामठी. छावणी आली की पगार आले, रसद आली, दाणावैरण आली आणि या सगळ्यांना पैसा पुरवणाऱ्या सावकारी पेढ्याही आल्या. नागपूरचे कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते सर कस्तुरचंद डागा हे कामठीचेच सावकार. त्यांच्या घराण्याची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी साऱ्या मध्यप्रांतात नावाजलेली होती. आमचे कन्हान हे पुढे रेल्वे, कोळसा आणि कारखाने यांनी वाढलेले गाव. पैशाची खरी पेठ पलीकडच्या काठावर होती.

त्या काळी पैसा म्हणजे एकच एक वस्तू नव्हती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल एका टोकाला वऱ्हाडात, तर दुसऱ्या टोकाला कटकपर्यंत होता. नागपुरात त्यांचा स्वतःचा रुपया चाले, आणि १८०३ पर्यंत त्यांच्याकडे असलेल्या ओरिसात सरकारी वसूल कवड्यांत घेतला जाई. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलुखात एकच रुपया सुरू केला, तरी संस्थानांची नाणी चालूच राहिली. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. मराठवाड्यात तर निजामाचा हाली रुपया पार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे लोकांच्या हातात होता. सात हालीला सहा कलदार हा हिशेब तिकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे. एकाच बटव्यात अशी निरनिराळी नाणी असत. प्रत्येक नाणे आपापल्या मुलुखात राजा, आणि शीव ओलांडली की बट्टा देऊन मोडून घ्यायचा धातूचा तुकडा. म्हणून बटवा बाळगणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागत: हातातले नाणे कोणत्या मुलुखाचे, आणि आपण उभे आहोत तो मुलुख कोणाचा.

लांबच्या मुलुखात पैसा पाठवायचा तर हुंडी. लहानपणी आजोबांनी मला ती खोखा हुंडी अनेकदा वाचून दाखवली. तीवर रक्कम एकदा लिहून भागत नसे. रुपये पाचशे, निम्मे अडीचशे, त्याची दुप्पट पुरे पाचशे, अशी ती फिरवून फिरवून लिहीत. कोणी आकड्यात खाडाखोड केली तर ताळा जुळू नये, हा त्यातला हेतू. हुंडी पाहताच पैसे द्यायचे तर ती दर्शनी, मुदतीने द्यायचे तर मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहाच्याच हाती पडत. शिवाय हुंडी लिहिणारा समोरच्या पेढीला निराळे पत्र टाकून कळवी, की अमुक रकमेची हुंडी येत आहे.

आणि हुंडी हरवली तर? मी हा प्रश्न विचारला की आजोबांना फार आनंद होई. “हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ,” ते म्हणत. पेठ म्हणजे हरवलेल्या हुंडीची दुसरी प्रत, परपेठ म्हणजे तिसरी. समोरची पेढी आपली वही पाही, पैसे आधी दिले नाहीत ना याची खात्री करी आणि पेठेवर पैसे मोजी. माणसे चुकतात, कागद हरवतात, नदीला पूर येतो, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभारली होती. वहीच्या मागे माणूस होता आणि त्या माणसाला वही उघडून पुन्हा लिहिता येत असे.

आता माझ्या पुतण्याकडे येतो.

तो बुटीबोरीला एका कारखान्यात नोकरीला होता. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या त्याला आभासी चलनाचा नाद लागला. त्याच वर्षी ४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे बंधन रद्द केले होते, त्यामुळे या व्यवहारांची चर्चा सगळीकडे होती. एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने मला मोबाइलमधले वॉलेट दाखवले. “मोठे बाबा, हा बघा आमचा बटवा. यात सगळ्या मुलुखांची नाणी चालतात.” त्याने ‘मुलुख’ हा शब्द माझी गंमत करण्यासाठी वापरला होता, पण उपमा बरोबर होती.

त्याने सांगितले ते, आणि पुढे मी स्वतः शिकलो ते, थोडक्यात असे. सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कोणा अज्ञाताने ऑक्टोबर २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. ही वही कोणा एका पेढीवर नसते. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. नवे पान मागच्या पानाला असे जखडलेले असते की मागचे अक्षर बदलले तर पुढचे सारे हिशेब बिघडतात. म्हणून तिला साखळी म्हणायचे. २०१५ साली इथेरियमची साखळी सुरू झाली, मग ट्रॉन, बीएनबी, पॉलिगॉन, सोलाना अशा कितीतरी. प्रत्येकीची वही वेगळी, चालीरीती वेगळ्या. या अनेक वह्यांवरचे आपले व्यवहार एका ठिकाणाहून चालवणारा तो अनेक साखळ्यांचा बटवा.

मात्र या बटव्यात पैसे नसतात! पैसे वहीत असतात. बटव्यात असते ती चावी, आणि ही चावी बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांतून निघते. शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले. ही रीत २०१३ साली रूढ झाली. बारावा शब्द ऐकून मी चमकलो, कारण त्याचा काही अंश आधीच्या शब्दांचा ताळा म्हणून ठेवलेला असतो. निम्मे अडीचशे, त्याची दुप्पट पाचशे! एवढ्या बारा शब्दांतून सगळ्या साखळ्यांवरच्या चाव्या पुन्हा घडवता येतात. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. वही नाव विचारत नाही.

एकदा पुतण्या हसत हसत सांगत आला, “आज हुंडी भलत्याच पेठेत गेली होती.” त्याने डॉलरला बांधलेले टेथर नावाचे नाणे एका बाजारातून आपल्या बटव्यात मागवले. हे नाणे बऱ्याच साखळ्यांवर चालते. त्याने पाठवताना साखळी निवडली बीएनबीची आणि शोधत बसला इथेरियमवर. या दोन बहिणी साखळ्यांवर पत्ता एकाच घडणीचा असतो, चावीही तीच चालते. म्हणून दुसऱ्या दिवशी बटव्यात योग्य साखळी उघडताच पैसे जागेवर दिसले. पण हेच पैसे एखाद्या बाजाराने दिलेल्या पत्त्यावर भलत्या साखळीने गेले असते, तर चावी त्या बाजाराकडे. त्याने मनावर घेतले तरच पैसे परत. त्यानंतर तो कितीही घाई असली तरी आधी थोडी रक्कम पाठवी, ती पोचल्याची खात्री करी आणि मगच मोठी रक्कम सोडी. ज्या साखळीवर व्यवहार, तिचे स्वतःचे थोडे नाणेही बटव्यात ठेवी, कारण त्या वाटेचा उतारा त्याच नाण्यात द्यावा लागतो. बीएनबी साखळीवर टेथर कितीही असो, बीएनबी नसेल तर नाव हलत नाही.

एवढा सावध माणूस एका ठिकाणी चुकला. आणि त्याच्यापाठोपाठ मी चुकलो.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. वय सदतीस. जूनच्या शेवटी शाळा सुरू झाल्या त्या घरूनच, मोबाइलवर. सहावीत गेलेल्या नातीला मोबाइल नव्हता. तिच्या वडिलांचा होता, पण त्याचे कुलूप कोणाला उघडेना. सूनबाई सुतकी चेहऱ्याने बसलेली असे; तिला काय विचारायचे, म्हणून मीच तो दुकानात नेला आणि साफ करवून आणला. पोरीचा वर्ग दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मला वाटले, आपण एक तरी काम नीट केले.

दिवाळीत त्याचा एक मित्र भेटायला आला. चहा झाल्यावर त्याने सहज विचारले, “वहिनी, त्याचे बारा शब्द नीट ठेवलेत ना?”

आम्ही घर पालथे घातले. त्याच्या कामाच्या पिशवीत ही डायरी सापडली. एका पानावर त्याने बटव्याचा पत्ता, सगळी बेचाळीस अक्षरे, सुवाच्य अक्षरात उतरवली होती. खाली लिहिले होते: “१२ शब्द: मोबाइलमध्ये.”

मित्राने त्याच्या ईमेलात शोधले, दुसरीकडे कुठे नक्कल उतरली आहे का ते पाहिले. नव्हती. मग त्याने तो पत्ता आपल्या फोनवर घातला. साखळीची वही जगजाहीर असते, कोणीही वाचावी. पडद्यावर आकडा आला: ३११२ टेथर. अडीच लाखांच्या आसपासची रक्कम आमच्या डोळ्यांसमोर होती. ती कोणी चोरली नव्हती, कोणी बुडवली नव्हती. कोणाला हातही लावता येत नव्हता, एवढेच. मी मित्राला विचारले, “पेठ काढता येत नाही?” त्याला शब्द कळला नाही. मी समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, “नाही काका. इथे लिहिणारा मुनीमच नाही.”

मी सूनबाईची क्षमा मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या मोठे बाबा, पोरीची शाळा तर झाली ना.”

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. नाणी घ्यावीत की घेऊ नयेत यात मी पडत नाही. हे आपल्याकडे कायदेशीर चलन नाही. २०२२ पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे. भाव आज आहे तो उद्या नसतो. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. पण पूर्वी जी सावधगिरी पेढी आपल्या वतीने पाळत असे, ती सगळी आता घरातल्या माणसाने पाळायची आहे, हे घरातल्या सगळ्यांना कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, मग पैसे मोठ्या बाजारातच ठेवावेत, आपल्याकडे चावीच नको. तशीही पेढी आपल्या महाराष्ट्रात होती. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या बाजारातून १८ जुलै २०२४ रोजी तेवीस कोटी डॉलरांहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. त्या तिजोरीला एका माणसाची सही चालत नसे. कंपनीच्या तिघांची आणि रक्षक संस्थेची एक, अशा चार सह्या लागत. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसले एक आणि सही झाली भलत्याच मजकुरावर. ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ ठप्प होते. न वाचता सही करू नये, हे आजोबा पाचवी शिकलेल्या पोराला सांगत. येथे वाचूनही फसगत झाली.

घरगुती बटव्यात हीच फसगत लहान प्रमाणात होते. एखादी अनोळखी जागा ‘परवानगी द्या’ म्हणते. आपल्याला वाटते नुसते आत जायचे आहे. प्रत्यक्षात ते आपल्या नाण्यांचे कुलमुखत्यारपत्र असू शकते, आणि बहुधा त्यात रकमेची मर्यादा नसते. अशी परवानगी द्यावीच लागली तर लागेल तेवढ्याच रकमेची द्यावी आणि काम होताच मागे घ्यावी. दुसरी लबाडी पत्त्याची. चोर आपल्या ओळखीच्या पत्त्यासारखा, पुढची-मागची चार अक्षरे जुळणारा पत्ता बनवतो आणि त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवतो. म्हणजे पुढच्या वेळी आपण जुन्या यादीतून उतरवून घेताना त्याचाच पत्ता उचलावा. म्हणून पत्ता संपूर्ण ताडून पाहावा, आणि यादीतून उचलूच नये. न मागता येऊन पडलेल्या अनोळखी नाण्यांना हात लावू नये. आमच्या त्या पत्त्यावरही अशी दोन-तीन येऊन पडली आहेत. तो गळ आहे.

एका साखळीवरून दुसरीवर पैसा नेण्यासाठी पूल असतात. आमच्या गावाला पुलाचे महत्त्व सांगायला नको. इंग्रजी अमदानीतला दगडी पूल नसता तर पावसाळ्यात कामठी आम्हांला परदेश झाली असती. पण या नव्या पुलांवर पलीकडे जाणारा माल राखणीला ठेवलेला असतो, आणि चोराचा डोळा त्यावरच असतो. रोनिन नावाच्या पुलाच्या नऊ चाव्या होत्या, त्यांतल्या पाच पुरत. मार्च २०२२ मध्ये चोरांनी पाच मिळवल्या आणि साठ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम नेली. सहा दिवस कोणाला पत्ता लागला नाही. म्हणून पूल ओलांडायचा तर गरजेपुरता ओलांडावा, आणि तेथे मुक्काम करू नये.

राहिले ते बारा शब्द. ते कोणाला सांगू नयेत, मदत करणाऱ्यालाही नाही. खरा मदतनीस ते मागतच नाही. पुण्यात २०१८ साली सुरू झालेल्या एका मोठ्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी दोन जाणकारांची मदत घेतली होती. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. तपासात हाती आलेल्या बटव्यांतील नाणी त्यांनी वळवली, असा त्यांच्यावर आरोप आहे. न्यायालय काय ते ठरवील. आपण एवढेच घ्यावे, की जेथे शब्द गेले तेथे पैसेही जाऊ शकतात.

शब्द मोबाइलमध्ये लिहू नयेत, त्यांचा फोटो काढू नये. कागदावर किंवा पत्र्यावर क्रमाने लिहावेत, आणि पुऱ्या बारांच्या दोन प्रती दोन निराळ्या जागी ठेवाव्यात. सहा येथे सहा तेथे असली हुशारी करू नये. एक कागद गेला की सगळेच जाते. थोडी रक्कम ठेवण्यापूर्वी एकदा त्या शब्दांवरून बटवा पुन्हा उघडून पाहावा. रोजच्या खर्चापुरते मोबाइलमध्ये असावे. मोठी रक्कम असेल तर चावी वेगळ्या छोट्या यंत्रात ठेवावी. कनवटीला किती आणि तिजोरीत किती, हे आपल्या आज्या जाणत होत्या. आणि घरात निदान एका माणसाला, शब्द नव्हे, पण ते कोठे ठेवले आहेत ती जागा माहीत असावी. पेठ आणि परपेठ हीच. आता ती आधीच लिहून ठेवावी लागते.

नात आता दहावीत आहे. मागच्या लक्ष्मीपूजनाला तिने डायरी उघडून पत्ता पाहिला, एकेक अक्षर बोट ठेवून ताडले आणि आकडा मोठ्याने वाचला: तीन हजार एकशे बारा. सूनबाईने डायरीवर हळदकुंकू वाहिले. मग पोर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आजोबा, तुमच्या पेन्शनच्या बँकेची चिठ्ठी कुठे असते, ते आईला माहीत आहे का?”

मला ते सूनबाईला सांगायचे राहिलेच होते. त्याच रात्री, फराळाच्या ताटांवरून उठण्याआधी, मी ते सांगून टाकले.